आमच्याकडे बघण्यासारखं काय आहे?

परवा रात्री जेवणं आटोपली आणि पुण्याहून मावसभावाचा फोन आला. "दादा, दिवाळीनंतर दोन दिवस पोरांना घेऊन तुझ्याकडे येतोय. पण फार्महाऊस, स्विमिंग पूल वगैरे नको हं. कर्जत-खालापूरला बघण्यासारखं जुनं काय काय आहे ते सांग. एक यादीच करून ठेव ना."

"करतो की!" म्हणालो आणि लगेच वही घेऊन बसलो. पाच-सात नावं भराभर लिहिली आणि मग पेन अडलं. तीन दिवस झाले, ती यादी तशीच पडून आहे. म्हटलं, यादी कुठे अडली तेच लिहून काढावं. भावाला वाचायला होईल आणि तुम्हालाही.

तसं बघायला गेलं तर आमच्या भागात कुणी बघायला म्हणून येतच नाही. लोक इथून जातात. मुंबईहून पुण्याला जाताना कर्जत लागतं, दिवाडकरांचा वडा खाल्ला जातो, मागून एक हलकासा धक्का बसतो आणि गाडी घाट चढायला लागते. झालं आमचं दर्शन! पण एक सांगू? गाडी वड्यासाठी थांबत नाही. इथे बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिनं जोडतात, बँकर म्हणतात त्यांना. पळसदरीच्या पुढे चढ आहे तो ३७ फुटांना एक फूट. पुढच्या इंजिनाला एकट्याला तो झेपत नाही. म्हणून थांबा, आणि थांबा आहे म्हणून वडा.

माझे आजोबा कर्जत स्टेशनात सांधेवाले होते. आयुष्यभर त्यांनी बँकर जोडताना आणि सुटताना पाहिले. स्वतः गाडीत बसून पुण्याला निघाले की पहिला बोगदा आला रे आला, ते हात जोडायचे. मी लहानपणी विचारलं होतं, "आजोबा, इथे कुठलं देऊळ आहे?" ते म्हणाले होते, "देऊळ नाही रे, माणसं आहेत." तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं. ते वाक्य पुढे येईल, म्हणून इथे सांगून ठेवतो.

यादीतलं पहिलं नाव अर्थातच कोंडाणे लेणी. (सिंहगडाचा कोंढाणा वेगळा, हे दर वेळी सांगावं लागतं.) कर्जतहून कोंदिवड्याला जायचं आणि तिथून राजमाचीच्या पायथ्याच्या रानातून तासभर चालायचं. वाट चुकायला होते, पण चुकली तरी उल्हास नदी सोबतीला असते. आणि मग झाडी संपते न संपते तोच समोर कातळात कोरलेलं चैत्यगृह उभं राहतं. पिंपळपानाच्या आकाराची भलीमोठी कमान, वर सज्जे, जाळ्या, वेदिकेचे पट्टे. सगळी लाकडी इमारतीची नक्कल, पण दगडात. कार्ल्याच्याही आधीचं काम आहे हे, इसवी सनापूर्वीचं. पावसाळ्यात वरून धबधबा कोसळत असतो आणि पाण्याच्या पडद्याआड लेणं दिसतं.

इथे लेणं का, तर वर घाटाची वाट आहे. कोकणातल्या बंदरांतून देशावर माल जायचा तो या वाटांनी. व्यापारी, बैल, भिक्षू सगळे इथूनच चढायचे. वर पहाऱ्याला राजमाची, खाली मुक्कामाला लेणी. म्हणजे आजचं कर्जत स्टेशनच म्हणा ना, फक्त दोन हजार वर्षांपूर्वीचं.

पण कोंडाण्याला गेलात तर डावीकडे एक फुटकी मूर्ती आहे ती बघायला विसरू नका. यक्षाची म्हणतात, आता डोकं आणि थोडासा भाग उरलाय. तिच्याजवळ ब्राह्मी लिपीत एकच ओळ कोरली आहे. अर्थ असा, की कण्हाचा शिष्य बलुक याने हे केलं. बस्स. कुठल्या राजाचं नाव नाही, दान देणाऱ्या श्रेष्ठीचं नाव नाही. काम करणाऱ्या माणसाचं नाव, आणि त्याच्या आधी त्याच्या गुरूचं. आपल्याकडच्या जुन्या लेण्यांत दात्यांची नावं ढिगानं सापडतात. अमक्याने खांब दिला, तमकीने पाण्याचं टाकं दिलं. छिन्नी धरणाऱ्याचं नाव क्वचितच. मी पहिल्यांदा ही ओळ बघितली तेव्हा बराच वेळ तिथे बसून राहिलो होतो. बाई गं, दोन हजार वर्षं हा बलुक इथे उभा आहे!

माझी यादी अडली ती या बलुकामुळे. कारण त्यानंतर जे जे नाव लिहिलं, त्याच्यापुढे मनात आपोआप प्रश्न यायला लागला... इथे कुणाचं नाव आहे, आणि कुणाचं नाही?

दुसरं नाव उंबरखिंड. खोपोली-पाली रस्त्यावर शेमडीला आत वळायचं आणि चावणी गाव गाठायचं. शाहिस्तेखानानं कारतलबखानाला कोकणात धाडलं, बरोबर रायबागन होती. हा खान लोणावळ्याच्या बाजूनं कुरवंड्याच्या घाटानं उतरला आणि या अरुंद, दाट रानाच्या खिंडीत सापडला. २ फेब्रुवारी १६६१. पुढे वाट बंद, मागे वाट बंद, दोन्ही अंगांनी झाडीतून मारा आणि पाण्याचा थेंब नाही. शेवटी रायबागननंच खानाला शरण जायचा सल्ला दिला, असं परमानंदाच्या शिवभारतात आहे. खंडणी दिली, सामान टाकलं आणि जीव घेऊन परतले. महाराजांच्या फौजेपेक्षा किती तरी मोठी फौज नुसत्या जागेच्या निवडीनं हरली. तिथे आता स्मारक आहे. आमच्याकडचे लोक नेताजी पालकरांचं नाव घेताना "चौकचे" हा शब्द जोडल्याशिवाय राहत नाहीत, तेही ऐकायला मिळेल.

पोरांना इथे नक्की न्या. फक्त स्मारकापाशी फोटो काढून लगेच फिरू नका. थोडं आत नदीच्या पात्रात चाला आणि वर बघा. लढाई का जिंकली ते पुस्तकापेक्षा तिथे पटकन कळतं. आणि रानातली कुठली पायवाट कुठे निघते हे महाराजांना सांगणारं कुणी तरी असणारच ना? ती वाट रोज तुडवणारं. त्याचं नाव मात्र कुठे नाही.

तिसरं नाव प्रत्यक्ष बोरघाटाचं. हे 'ठिकाण' कसं म्हणायचं असं भाऊ विचारेल. पण माझ्या मते आमच्या भागातलं सगळ्यात मोठं ऐतिहासिक बांधकाम हेच, आणि ते रोज वापरात आहे. आधी सडक झाली, १८३० साली. तिच्यावर घाटाच्या वरच्या अंगाला दगडी पूल होता, अमृतांजनच्या जाहिरातीमुळे सगळे त्याला अमृतांजन पूल म्हणायचे. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये रस्ता रिकामा होता तेव्हा तो पाडला. १९० वर्षांचा पूल बघायचा राहून गेला असेल तर आता फक्त फोटोत.

मग रेल्वे. १८५६ मध्ये गाडी कल्याण-नेरळ-कर्जत करत खोपोलीपर्यंत आली आणि घाटाच्या पायथ्याशी थांबली. वर खंडाळा ते पुणे १८५८ मध्ये सुरू झाली. मधला घाट मात्र पालखीत, तट्टावर किंवा चालत! आज आपली खोपोली लोकल जाते ती त्या पहिल्या वाटेनं. घाटातलं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि २१ एप्रिल १८६३ ला संपलं. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल, १८३१ फुटांची चढण. पहिल्या ठेकेदाराच्या, फॅव्हिएलच्या, काळात जानेवारी १८५९ मध्ये मजुरीवरून दंगा झाला, एक युरोपियन त्यात मारला गेला. त्यानं काम सोडलं. मग सॉलोमन ट्रेडवेल आला, तो इथे पाऊल ठेवल्यावर काही आठवड्यांतच वारला. आणि मग त्याची बायको ॲलिस ट्रेडवेल हिनं ठेका स्वतःकडे ठेवला आणि दोन इंजिनीयर हाताशी धरून घाट पुरा केला! १८५९ साली, परक्या मुलखात, नवरा गेलेली बाई. माझ्या आईला मी ही गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "आणि आम्हाला शाळेत हे का नाही रे शिकवलं?"

बरोबरच आहे तिचं. पण पुढे ऐका. १८६१ मध्ये या घाटात एका वेळी ४२,००० माणसं कामाला होती. बेचाळीस हजार! त्या वेळी आजूबाजूच्या सगळ्या गावांची मिळून तेवढी वस्ती असेल का? दोर बांधून कड्यावर लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडायची, झोपडीत राहायचं आणि पावसाळा आला की पटकी आणि ताप. हजारो माणसं मेली. त्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नाही.

आजोबा हात जोडायचे ते का, हे हा आकडा वाचल्यावर कळलं. कळलं तेव्हा ते नव्हते.

चौथं, नेरळ-माथेरानची गाडी. ही पोरांसाठी. माथेरान १८५० मध्ये ठाण्याच्या मॅलेट कलेक्टरनं 'शोधलं' असं सगळीकडे लिहितात. अहो, धनगर आणि ठाकर तिथे आधीपासून वावरत होते, त्यांना ते हरवलं होतं थोडंच! असो. गाडी मात्र आपल्या माणसाची. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ मध्ये बांधली, पैसा वडिलांचा, सर आदमजींचा. दोन फुटी रूळ आणि डोंगराच्या अंगावरून वळणावळणानं वीसेक किलोमीटर. २६ जुलै २००५ च्या पावसानं ती वाहून नेली, २००७ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०१९ च्या पावसानं परत तेच, आणि नेरळपासूनची पूर्ण फेरी ऑक्टोबर २०२२ मध्ये परत चालू झाली. दर वेळी वाटतं संपलं, आणि दर वेळी कुणी तरी पहारी-घमेली घेऊन रूळ परत बसवतं.

पाचवं खोपोली. देवदर्शन करायचं असेल तर जवळच महडचा वरदविनायक आहे, देऊळ १७२५ मध्ये रामजी महादेव बिवलकरांनी बांधलं. खोपोलीत नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचं देऊळ. घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसाला पाणी आणि सावली, साधा हिशेब. आणि त्याच गावात टाटांचं वीजघर, १९१५ चं. लोणावळ्याकडच्या धरणांत पाऊस साठवायचा, पाइपातून सतराशे फूट खाली सोडायचा आणि त्या जोरावर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या. जमशेटजींच्या डोक्यातली कल्पना, त्यांच्या मागे पुरी झाली. आत सोडत नाहीत, पण डोंगरावरून उतरणारे ते पाइप रस्त्यावरूनही दिसतात. आणि वीज करून झाली की ते पाणी पाताळगंगेत सुटतं, म्हणून ती नदी उन्हाळ्यातही वाहती असते. लहानपणी आम्हाला वाटायचं सगळ्याच नद्या मे महिन्यात वाहतात!

वीज मुंबईला जायची, खांब आमच्या शेतांतून. १९४२ मध्ये माथेरानच्या भाई कोतवालांनी हेच मनोरे पाडायला घेतले. नाभिक समाजातल्या गरीब घरातला मुलगा, शिकून वकील झाला, माथेरानच्या नगरपालिकेत निवडून आला, शेतकऱ्यांना सावकाराकडे जायला लागू नये म्हणून धान्यकोठ्या काढल्या, शाळा काढल्या. आणि 'चले जाव'मध्ये आझाद दस्ता घेऊन रानात गेला. २ जानेवारी १९४३ ला पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी गाठलं. तिथे ते आणि हिराजी गोमाजी पाटील दोघे पडले. दर २ जानेवारीला पहाटे लोक सिद्धगडला जमतात. तो गड मुरबाड तालुक्यात, म्हणून यादीत बसत नाही, पण मी लिहिलाच. यादी माझी आहे!

इथपर्यंत ठीक होतं. मग सहावं नाव लिहिलं, इर्शाळगड, आणि पेन खाली ठेवलं.

१९९१ साली आम्ही कॉलेजचे पाचजण इर्शाळला गेलो होतो. चौकला उतरून चालत. मोरबे धरण तेव्हा झालेलं नव्हतं. ऐन एप्रिल, अकराचं ऊन, बाटल्या रिकाम्या. वर सुळक्याच्या अलीकडे इर्शाळवाडी, ठाकरांची वस्ती. पहिल्याच घरात पाणी मागितलं. एक बाई बाहेर आली, माझ्या आईच्याच वयाची असेल. आमच्याकडे बघून हसली, आत गेली आणि मडक्यातलं गार पाणी घेऊन आली. मग कोरा चहा. तिच्या घरी पाणी खालून डोक्यावरून येत होतं हे आम्हाला उतरताना, हंडे घेऊन चढणाऱ्या बायका भेटल्या तेव्हा कळलं. आम्ही पाचजणांनी तिचा अख्खा हंडा संपवला होता. पैसे द्यायला गेलो तर रागावली. "परत येवा," म्हणाली. आम्ही नेढ्यात बसून फोटो काढले, खाली आलो, आणि मी परत कधीही गेलो नाही. तिचं नाव विचारायचं सुचलंच नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास डोंगराचा कडा त्या वाडीवर आला. वर जायला रस्ता नाही, त्यामुळे मशिनं चढेनात. माणसं हातानं चिखल उपसत होती. मदतीला चढणारे अग्निशमन दलाचे एक अधिकारी वाटेतच हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. २३ जुलैला शोध थांबवला. सत्तावीस मृतदेह सापडले होते, सत्तावन्न माणसं बेपत्ता. ती तिथेच आहेत.

त्या आठवड्यात पेपरात नावांच्या याद्या यायच्या. मी रोज सकाळी चहा बाजूला ठेवून त्या वाचायचो. नाव, वय. नाव, वय. साठीच्या, सत्तरीच्या बायकांच्या नावांपाशी थांबायचो. पण मी कुणाला शोधत होतो? मला नावच माहीत नव्हतं. ती आधीच म्हातारपणानं गेली असेल, किंवा लेकीकडे खाली राहायला आली असेल, किंवा त्या यादीत असेल. मला हे आता कधीच कळणार नाही, आणि त्याला दोष फक्त माझा. बेचाळीस हजारांची नावं इंग्रजांनी लिहिली नाहीत म्हणून मी इतकी वर्षं तावातावानं बोलायचो. मला एकच नाव विचारायचं होतं, ते मी नाही विचारलं.

बायको म्हणाली, "अहो, मग इर्शाळ यादीतून काढून टाका ना. पोरं येणार, त्यांना कशाला ते?" मीही एकदा खोडलं. मग परत लिहिलं. कारण आमच्या भागाचा इतिहास म्हणजे हा डोंगरच आहे. तो चढायला लेणी खोदली, तो अडवून लढाई जिंकली, तो फोडून रेल्वे नेली, त्याच्यावरून पाणी सोडून मुंबईत दिवे लावले. आणि त्याच्या अंगाखांद्यावर जी माणसं राहिली त्यांच्यापर्यंत २०२३ पर्यंत रस्ता गेला नव्हता. हे शेवटचं वाक्य गाळून आधीची सगळी पोरांना सांगायची म्हणजे अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. वर वाडीत जाणार नाही आम्ही, ती जागा फिरायला जायची नाही. चौकच्या रस्त्यावरून सुळका दिसतो, डोंगरावरचा तो ओरखडाही दिसतो. तिथे गाडी थांबवायची आणि सांगायचं.

तर भाऊ, यादी अशी. पहिल्या दिवशी सकाळी लवकर कोंडाणे, संध्याकाळी नेरळची गाडी जमली तर बघू. दुसऱ्या दिवशी महड, खोपोली, उंबरखिंड आणि येताना चौक. पेठचा किल्ला म्हणजे कोथळीगड यात बसत नाही, त्याला वेगळा दिवस काढ. सुळक्याच्या पोटातून कोरून काढलेला जिना आहे तिथे, पोरं वेडी होतील. आणि पोरांना एक काम देऊन ठेवतो. दोन दिवसांत जो कुणी आपल्याला वाट दाखवेल, पाणी देईल, रिक्षा चालवेल, त्याचं नाव विचारायचं आणि वहीत लिहायचं. ज्याची यादी मोठी त्याला माझ्याकडून बक्षीस.

आणि हो, तुम्ही गाडीनंच या. पोरांना घाट उतरताना बोगद्यांतून यायला मजा येते. शेवटचा बोगदा संपला की फोन कर, मी स्टेशनवर येतो. वडे मी आधीच घेऊन ठेवतो, गर्दीत उतरून धावपळ करू नका.